ठिकाण शोधू नका, वेळ बघा: जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती,
तसंच जिल्ह्यातल्या सगळ्या साखर कारखान्यांचे चेअरमन, एम.डी. आणि शेती विभाग

स.न.वि.वि.

हे पत्र उघड लिहितोय कारण पाकिटातून दिलेल्या अर्जाला जे उत्तर आलं ते मला आणि आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना पटलेलं नाही. उन्हाळ्यात आम्ही सह्या गोळा करून अर्ज दिला होता, की गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागून धडकून माणसं जातायत, गावातून आणि गावाबाहेरून जाणाऱ्या रस्त्यावर काहीतरी ठोस करा. उत्तराचा सारांश असा, की सदर रस्त्यावरचं कुठलंही ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या निकषात बसत नाही त्यामुळे उपाययोजनेची गरज दिसत नाही, आणि रिफ्लेक्टर लावण्याबद्दल कारखान्यांना कळवलेलं आहे. विषय संपला.

तो निकष मी नीट वाचला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आहे. रस्त्याचा साधारण ५०० मीटरचा तुकडा घ्यायचा, तिथं मागच्या ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी झालेले ५ अपघात पाहिजेत, नाहीतर १० माणसं गेलेली पाहिजेत, मग तो ब्लॅक स्पॉट. वाईट वळण, अरुंद पूल, चुकीच्या जागी फोडलेला डिव्हायडर असल्या ठिकाणांसाठी हे बरोबरच आहे, कारण तिथं जागा तीच राहते आणि माणसंही तिथंच मरत राहतात. पण उसाची ट्रॉली एका जागी राहत नाही हो. आज ती पेट्रोल पंपाच्या अलीकडं पंक्चर होऊन उभी असते, परवा ओढ्याच्या पुलावर दुसऱ्याच ट्रॉलीचा एक्सल तुटतो, पुढच्या आठवड्यात तिसरीच कुणीतरी कॉलेजच्या पुढं चढावर अडकून बसते. दरवेळी जागा नवी आणि दरवेळी एखादाच माणूस जातो, त्यामुळे कुठल्याच ५०० मीटरमध्ये तुमचा आकडा भरत नाही. नकाशावर बघाल तर अपघातांची टिंबं सगळीकडं विखुरलेली दिसतील. तीच टिंबं कॅलेंडरवर आणि घड्याळावर टाकून बघा, गोळा होतात की नाही सांगा मला. महिने नोव्हेंबर ते मार्च, वेळ अंधार पडल्यानंतरची, धडक मागून, आणि मरणारा दुचाकीवरचा. आमचा ब्लॅक स्पॉट जागेचा नाहीच, तो हंगामाचा आणि वेळेचा आहे. मला या पत्रात एवढंच सांगायचंय, पुढचं सगळं त्याच्याच अनुषंगानं आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, यातल्या कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी बसून कुणी हे वाचलं तर त्याला ते आपल्याच गावाबद्दल वाटेल, आणि तसं वाटावं अशीच इच्छा आहे.

माझं ग्रामीण रुग्णालयासमोर मेडिकल आहे. हंगाम सुरू झाला की माझी रात्रीची गिऱ्हाईकं बदलतात. एरवी ताप, पोटदुखी, लहान मुलांची औषधं. नोव्हेंबरनंतर ड्रेसिंगचं सामान, सलाईनचे सेट, नातेवाईक धावत रस्ता ओलांडून येतात आणि डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. डोक्याला मार असला की जिल्ह्याला पाठवावं लागतं कारण आमच्याकडं सीटी स्कॅन नाही. १०८ येते, चांगली येते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण आमच्या गावापासून न्यूरोसर्जन असलेल्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता पण तोच आहे, त्याच ट्रॉल्यांच्या मागून.

आणि माझे दाजी याच रस्त्यावर गेले. दूध संघाच्या संकलन केंद्रावर कामाला होते, संध्याकाळचं दूध घेऊन झाल्यावर घरी निघायचे. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही, रेडियम नाही, पुढून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यावर. हेल्मेट होतं. हे मुद्दाम लिहितोय कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, पण उसाची टोकं ट्रॉलीच्या मागं हातभर बाहेर आलेली असतात आणि ती नेमकी छातीच्या आणि मानेच्या उंचीवर असतात, तिथं हेल्मेट काय करणार. नंतर कळलं की गुन्हा दाखल झालाय तो दाजींवरच. भरधाव वेगात, हयगयीनं दुचाकी चालवून उभ्या वाहनाला धडक दिली आणि स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला, अशा अर्थाचं लिहिलेलं. ताईला तो कागद वाचून दाखवायचं काम माझ्यावर आलं. तिनं एकच विचारलं, की ट्रॉली रस्त्यात का उभी होती ते यात कुठं लिहिलंय? कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता हे अपघात होतात कसे ते जरा नीट बघूया, कारण "वेग कमी ठेवा" हा एकच उपदेश ऐकून लोक कंटाळलेत. दुचाकी ताशी ६० नं चालली असेल तर सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसून, कळून, ब्रेकवर पाय पडेपर्यंत रस्ते बांधणारे इंजिनिअर स्वतः अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात व्हायच्या आधीच गाडी ४० मीटर पुढं गेली, थांबायला लागणारं अंतर वेगळंच. आपल्या साध्या दुचाकीचा डिप्परचा उजेड, त्यात समोरून येणाऱ्याचा अप्पर, त्यात हंगामातलं धुकं आणि धुरळा, त्यात पुढं उभा असलेला काळपट हिरवा ढीग ज्याच्यावरून उजेड परतच येत नाही. ४० मीटरवरून तो दिसतच नाही. आणि चालू ट्रॉली असली तरी फार फरक नाही, भरलेला ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या स्पीडनं चाललेला असतो, मागून येणाऱ्यासाठी तो जवळपास उभाच. पण त्याच ढिगाच्या मागं एक चांगली लाल रेडियम पट्टी असली की ती कितीतरी लांबून चमकते. माणूस जगणार का मरणार ते त्या पट्टीवर ठरतं, आणि ती पट्टी एका खेपेच्या भाड्याच्या तुलनेत काहीच नाही.

हे फक्त आमच्या गावाचं गाऱ्हाणं आहे असं समजू नका. केंद्राच्याच २०२२ च्या अहवालात देशात त्या वर्षी रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात महाराष्ट्रातली १५,२२४. देशातल्या या मृतांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त ग्रामीण भागातली, आणि जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची. सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात. आणि धडकेच्या प्रकारात सगळ्यात मोठा वाटा मागून बसलेल्या धडकेचा. म्हणजे मी माझ्या काउंटरवरून जे बघतोय तेच दिल्लीच्या तक्त्यात छापलेलं आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टबद्दल अख्खा देश बोलायला लागला, बोललं पाहिजेच होतं, पण डेअरीतून घरी निघालेला माणूस ट्रॉलीखाली गेला की पेपरात आतल्या पानावर चार ओळी आणि दुसऱ्या दिवशी तीच ट्रॉली दुसऱ्या खेपेला.

तक्रारी आता एकेक सांगतो.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, रिफ्लेक्टरच्या नावाखाली जे चालतं ती. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या यार्डात एक दिवस कार्यक्रम होतो, आरटीओचे साहेब येतात, पोलीस येतात, पुढच्या दहा-पंधरा ट्रॅक्टरना पट्ट्या चिकटवल्या जातात, फोटो निघतो. त्या पट्ट्या बहुतेक ट्रॉलीच्या खालच्या पत्र्यावर चिकटवतात. ऊस भरला की त्याची टोकं बाहेर येऊन त्या पत्र्यावर लोंबतात आणि पट्टी झाकली जाते. जी झाकत नाही ती चिखलानं आणि धुरळ्यानं आठ दिवसांत मातीच्या रंगाची होते. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात, त्यातल्या दुसऱ्या ट्रॉलीला तर वायरच जोडलेली नसते, त्यामुळे टेललॅम्प लावला काय आणि नाही काय. उसाच्या मोळीवर बांधायचं चमकणारं कापड मिळतं, काही ठिकाणी ते वाटलंही जातं, ते खरं उपयोगी आहे कारण ते भरलेल्या मालाच्या वर येतं, पण ऊस खाली करताना ते गव्हाणीपाशी, म्हणजे ऊस कारखान्यात टाकतात तिथं, सोडलं की परत कुणी बांधत नाही कारण बांधलं नाही म्हणून कुणी विचारत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत, १९८९ पासूनचा नियम आहे, त्यासाठी नवीन कायदा करायचाच नाहीये.

दुसरी तक्रार बंद पडलेल्या ट्रॉलीची. पंक्चर झाली, जॉइंट तुटला की ड्रायव्हर चाकांखाली मोठे दगड लावतो, एखादी झाडाची फांदी मागं टाकतो आणि मिस्त्री आणायला जातो. कधीकधी रात्रभर ट्रॉली तिथंच. मग सकाळी ट्रॉली निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतात! दुसऱ्या रात्री त्या दगडावरून कुणीतरी उडतो. हे आमच्याकडं इतकं सर्रास आहे की लोक फिरायला गेले की दगड उचलून कडेला टाकतात, त्याला आता कुणी समाजसेवा पण म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ म्हणतं की वाहन धोकादायक जागी सोडून जायचं नाही. त्या कलमाखाली आमच्या हद्दीत हंगामात किती कारवाया झाल्या ते समितीनं जाहीर करावं. आणि ड्रायव्हरनं तरी काय करायचं, त्याला बोलवायला क्रेन नाही, कारखान्याचा रात्रीचा नंबर नाही, दोन त्रिकोण सुद्धा कुणी दिलेले नाहीत.

रस्त्याबद्दल थोडक्यात. गावात शिरताना दोन गतिरोधक आहेत, रंग नाही, अलीकडं बोर्ड नाही, आणि उंची मनाला येईल तशी. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ नंबरच्या कोडमध्ये गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा असं दिलंय. आमच्याकडचा अरुंद आणि ताठ आहे, भरलेली ट्रॉली त्याच्यावर आदळते, ऊस सांडतो, आणि मागून येणारा त्या उसावरून घसरतो. सिमेंटचा रस्ता झाला पण साइडपट्टी भरली नाही, त्यामुळे कडेला वीतभर खड्डा, ट्रॉलीला बाजूला उतरता येत नाही म्हणून ती रस्त्यातच उभी राहते. शेतातून येणाऱ्या वाटांवरून ट्रॅक्टरच्या टायरला लागून चिखल रस्त्यावर येतो, तो कुणी धुत नाही. चुकीचं डिझाइन किंवा हलगर्जी बांधकामामुळे माणूस मेला तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला दंड करायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ म्हणून आलेली आहे. ती कागदावरच आहे असं दिसतंय.

आणखी एक. मेलेल्या माणसावर गुन्हा टाकून फाइल बंद करायची सवय. मी पोलिसांच्या विरोधात नाही, रात्री दोन वाजता रस्त्यावर पडलेला माणूस उचलायला तेच येतात आणि त्यांच्याकडं माणसं किती कमी आहेत तेही माहितीय. पण उभ्या ट्रॉलीला मागं दिवा होता का, रेडियम होतं का, ती किती वेळ उभी होती, पासिंग होतं का, विमा होता का, हे पंचनाम्यात लिहिलंच गेलं नाही तर पुढं भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात घरच्यांनी काय दाखवायचं? आणि तुमच्या समितीला तरी कसं कळणार? "वेग" हे कारण सगळ्यात सोपं पडतं कारण ज्याच्यावर टाकायचं तो उत्तर द्यायला नसतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर लोक म्हणतील हा ट्रॅक्टरवाल्यांच्या पोटावर उठलाय. ट्रॅक्टर चालवणारी पोरं आमचीच आहेत, बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलाय, हप्ता खेपांवर चालतो. यार्डात नंबर लागेपर्यंत बारा-बारा तास ताटकळतात, तिथंच ट्रॉलीखाली झोपतात, आणि नंबर लागून रिकामे झाले की लगेच दुसऱ्या फडावर पळतात. झोप झालेली नसते म्हणून मोठ्यानं टेप लावतात, आणि टेप मोठा म्हणून मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मराठवाड्यातून आलेली ऊसतोडीची माणसं, बाया, लहान पोरं भरलेल्या ट्रॉलीवर बसून रात्री कोप्यांवर, म्हणजे आपल्या झोपड्यांवर, परत जातात. पहाटे अंधारात बैलगाड्या निघतात, त्यांच्या मागं तर काहीच नसतं, गाडी उडाली की बैल, गाडीवान आणि त्याच्याबरोबरची बाई सगळेच. या मजुरांसाठी सरकारनं जे महामंडळ केलं त्याला गोपीनाथ मुंडे साहेबांचं नाव आहे, आणि साहेब स्वतः ३ जून २०१४ ला दिल्लीत रस्ते अपघातातच गेले. त्यांच्या नावाच्या महामंडळानं तरी प्रत्येक बैलगाडीच्या मागं रेडियम लावायचं काम अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत. जानेवारीत आमचा निम्मा हंगाम उरकलेला असतो. शाळेतल्या मुलांची रॅली निघते, हेल्मेटवर निबंध होतो. निबंध होऊ देत, पण आमच्या भागासाठी हे अभियान ऑक्टोबरात पाहिजे, बॉयलर पेटायच्या आधी.

हे सगळं सुधारता येत नाही असं कुणी सांगू नये. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून काम केलं, तिथं सुद्धा कडेला उभ्या असलेल्या वाहनांना मागून धडक हे एक मोठं कारण निघालं होतं, त्याच्यावर नेमकं काम झालं आणि काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या खाली आले. तिथं आधी कारण शोधलं आणि मग पैसा त्या कारणावर लावला. आमच्याकडं कारण आधीच माहितीय, कुणी विचारतच नाही.

आता मागण्या. या सगळ्या तुमच्या अधिकारातल्या आहेत, एकीसाठी सुद्धा विधानसभेत जायची गरज नाही.

१. अपघात झाला की पोलीस मोबाइलवर ई-डार या अपघात नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेत जागा, वेळ, वाहनाचा प्रकार, फोटो सगळं भरतात. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेनं ती बनवलेली आहे, महाराष्ट्र तिच्यात पहिल्या सहा राज्यांत होता. तीच माहिती महिना, तास, धडकेचा प्रकार आणि समोरचं वाहन याप्रमाणे काढा, मागच्या तीन हंगामांची, तालुक्यानुसार, आणि लोकांसमोर ठेवा. नावं नकोत, आकडे पाहिजेत. त्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागून धडक असा वेगळा रकाना करा.

२. बिना रिफ्लेक्टर, काटा नाही. ही माझी सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे म्हणून जरा सविस्तर. रस्त्यावर पोलीस किती ट्रॉल्या अडवणार? पण प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला एका ठिकाणी थांबतेच थांबते, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. तिथं गाडीचा नंबर कॉम्प्युटरला लागतो, पावती निघते, बिल त्याच्यावर निघतं. काट्यावरच्या माणसानं मागं रेडियम कापड आहे का, दुसऱ्या ट्रॉलीचा दिवा लागतोय का एवढं बघायचं, नसेल तर गाडी बाजूला, कारखान्याच्याच स्टोअरमधून बसवून घ्यायचं, पैसे वाहतुकीच्या बिलातून कापायचे. अ‍ॅडव्हान्स कापता, डिझेल कापता, हे पण कापा. आणि रिकामी ट्रॉली यार्डाबाहेर निघताना परत बघायचं. फडात चिटबॉय, म्हणजे उसाची पावती देणारा कारखान्याचा माणूस, असतोच, पावती फाडायच्या आधी त्यानं ट्रॉलीच्या मागं एक चक्कर मारावी. वाहतुकीचे करार पावसाळ्याआधी होतात, त्या करारात ही अट लिहा. साखर आयुक्त गाळप परवाना देतात, त्यांनी परवान्याच्या अटीत ती घालावी अशी शिफारस समितीनं करावी. कारखाना म्हणेल आमची जबाबदारी गेटच्या आत. पण ऊस कुणाचा, करार कुणाचा, नंबर कुणी दिला, वेळ कुणी ठरवली? दहा किलोमीटरवर उसाला तुरा आलाय का नाही ते शेती विभागाला कळतं, तर मागं दिवा आहे का नाही ते पण कळू शकतं.

३. प्रत्येक कारखान्यानं हंगामभर रात्री चालू असणारा एक नंबर आणि एक क्रेन किंवा मोकळा ट्रॅक्टर ठेवावा, बंद पडलेली ट्रॉली तासाभरात रस्त्यावरून बाजूला. प्रत्येक ट्रॅक्टरला दोन त्रिकोण आणि चाकाला लावायचे लाकडी ठोकळे द्या, दगड बंद.

४. डबल ट्रॉलीबद्दल नियम नेमका काय आहे, किती लांबीपर्यंत आणि किती भारापर्यंत चालते, हे आरटीओनं मराठीत एका पानावर लिहून कारखान्याच्या गेटवर आणि ग्रामपंचायतीत लावावं. आज प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

५. बांधकाम विभागानं हंगामाआधी गतिरोधक कोडप्रमाणे करावेत, रंगवावेत, साइडपट्टी भरावी, आणि गावाच्या दोन्ही बाजूंना ट्रॉली बाजूला घेता येईल अशा थांब्याच्या जागा कराव्यात, मुरूम टाकला तरी चालेल.

६. उभ्या वाहनाला धडकेच्या प्रत्येक पंचनाम्यात दिवा, रिफ्लेक्टर, उभं राहण्याची वेळ आणि कागदपत्रं लिहिणं सक्तीचं करा. हे लिहिल्याशिवाय मृतावर गुन्हा दाखल करून तपास बंद करू नये.

७. अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंत, सात दिवस, बिनपैशाचे उपचार द्यायची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये आलेली आहे. माझ्या काउंटरवर आलेल्या नातेवाइकांना ती माहीत नसते. कुठल्या दवाखान्यात चालते त्याची यादी ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, १०८ च्या गाडीत लावा. आणि जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ आहे, हे पण त्याच्याच खाली लिहा, कारण आमच्याकडं अजून लोक त्या भीतीनं थांबत नाहीत.

समितीबद्दल एक शेवटचं. ही समिती कुणाच्या मेहेरबानीनं झालेली नाही. कोइमतूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी, एस. राजशेखरन यांनी, सुप्रीम कोर्टात याचिका केली, रोज जखमी बघून बघून, आणि ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात कोर्टानं प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती पाहिजे असं सांगितलं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, आरोग्य, बांधकाम, आरटीओ सगळे एका टेबलावर, यासाठीच की एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवू नये. आमच्या अर्जावर मात्र एकाच विभागाची सही होती आणि बाकीच्यांनी तो वाचला की नाही ते कळत नाही.

म्हणून विनंती अशी की मोळी टाकून हंगाम सुरू व्हायच्या आधी समितीची एक बैठक आमच्या गावात घ्या, बाजार समितीच्या हॉलमध्ये सोय होते, आणि कारखान्यांचे शेती अधिकारी, वाहतूकदार, ट्रॅक्टरवाले, मुकादम यांनाही बोलवा. ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यातले काही जण बोलायला तयार आहेत, ताई पण येणार आहे. कुठल्या रात्री कुठं कोणती ट्रॉली उभी होती याची गावातल्या लोकांकडं असलेली माहिती आणि मोबाइलमधले फोटो आम्ही एकत्र केलेत, वाहन नंबरसकट, ते त्याच दिवशी तुमच्या हातात देऊ. कुणावर राग काढायला नाही, तपासून घ्यायला.

आणि मागण्यांपैकी जी शक्य नसेल तिच्यापुढं का शक्य नाही ते एका ओळीत लेखी कळवा, सगळ्या विभागांच्या सह्यांसह.

आपला,
ग्रामीण रुग्णालयासमोरचा औषध दुकानदार, आणि अर्जावर सह्या केलेले गावकरी